तुम्ही विचारलंत म्हणून: "बायको काय म्हणत नाही काय?"

घरात दोन पोरं, आई, बायको, बाहेर नोकरी, आणि वर हा माणूस चाळिशीत पीएस फोरवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशनवर, गेम खेळतो, पिक्चरही सोडत नाही, मग बायको काय म्हणत नाही काय? हे मला इथे बेळगावात, उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियातल्या शॉपमध्ये चहाच्या वेळेला विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाव्हणे विचारतात, परवा तर दाढी करता करता सलूनवाल्याने विचारलं, आणि त्याच्या हातात वस्तरा होता म्हणून मी हसून सोडलं. एकदाच सगळं लिहून टाकतो.

म्हणते की. बायको म्हणते, आई तर रोज म्हणते. खरं काय म्हणते ते ऐका. "खेळू नका" असं बायको कधी म्हणाली नाही, तिचं एवढंच की हाक मारली की उठायचं. "एक मिनिट" नाही, "एवढं संपवून आलो" नाही, उठायचं म्हणजे उठायचं. आमच्या घरात हा एकच कायदा आहे आणि माझं सगळं त्याच्यावर चालतं. लोकांना वाटतं भांडण वेळेवरून होतं. वेळ निघतो हो. पोरं झोपली, भांडी लागली, की रात्री तासभर कुणालाही मिळतो, तो तास निम्मं गाव रील्स बघत घालवतं आणि मी गेममध्ये. भांडण होतं ते मध्येच उठता येत नाही म्हणून. त्यामुळे गेम घेताना मी ग्राफिक्स नंतर बघतो, आधी बघतो ती पॉज होते का.

आमच्या वडगावात राहणाऱ्याला हे फोड करून सांगायला नको. नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि कधी येईल त्याचा नेम नाही, आलं की टाकी, बॅरल, बादल्या, सगळं भरून घ्यायचं, त्या वेळी तुम्ही गेममध्ये राजे असा नाहीतर अजून कोण असा. आता एल्डन रिंग बघा, २०२२ ची, लोक डोक्यावर घेऊन नाचले, खरं तिला पॉजचं साधं बटण नाही, एकटे ऑफलाइन खेळत असलात तरी नाही. तुम्ही मोटर लावून येईपर्यंत इथे तुमचा मुडदा पडलेला. बीजीएमआयचं, म्हणजे मोबाईलवरच्या पबजीच्या भारतीय अवताराचं, त्याहून वाईट, एक मॅच अर्ध्या तासाची आणि मध्येच उठलात तर तुमच्या टीममधले तिघं शिव्या घालणार. माझा जुना ग्रुप, सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक खेळायचो तो, त्यातले बरेच आता पुण्यात आहेत, शनिवारी रात्री ते अजून ऑनलाइन जमतात. मी ते सोडलं. वाईट वाटतं, वाटत नाही असं नाही, खरं तिथे हाकेला उठता येत नाही, मग विषय संपला.

उलट विचर थ्री, २०१५ ची, एवढी मोठी की नुसती मेन स्टोरी करायची म्हटली तरी पन्नासेक तास, आठवड्याला तीन तास धरले तर चार महिन्यांचं काम, तरी ती संसारी माणसाची गेम आहे, कारण कुठेही थांबवा, कुठेही सेव्ह करा (मारामारी चालू असताना सोडून), उद्या परत तिथूनच चालू. फुटबॉल पण चांगलं, हाफ किती मिनिटांचा ते आपणच ठरवायचं. सिव्हिलायझेशनबद्दल मात्र सावध राहा, १९९१ पासून चालत आलेली सिरीज आहे, टर्न घ्या आणि उठा, वाट बघत बसते बिचारी, कागदावर एकदम आपल्यासारख्यांसाठी. खरं "अजून एकच टर्न, अजून एकच" करत दीड वाजतो. ती पॉज होते, आपण होत नाही.

पीएस फोरला रेस्ट मोड आहे, गेम चालू तशीच झोपवून ठेवायची, फार सोयीचं. फक्त जुलैत आपल्याकडे पाऊस लागला की करंट जातो, आणि रेस्ट मोडमध्ये असताना करंट गेला तर पुढच्या वेळी चालू करताना तो आपल्यालाच सुनावतो की मला नीट बंद केलं नव्हतंत. पावसाळ्यात सरळ सेव्ह करून बंद करावा.

आईचं वेगळं आहे. २०१९ च्या सप्टेंबरात काकतीत मोबाईलवर पबजी खेळू देत नाही म्हणून एका तरण्या पोराने बापाचा जीव घेतला, काकती म्हणजे आमच्या इथून हाकेवर, तेव्हापासून तिच्यासाठी गेम म्हणजे तेच. तिला समजावून सांगायला मी कधी गेलो नाही, कारण तिची भीती खोटी नाही. मी फक्त प्लेस्टेशन हॉलमध्ये ठेवलाय, तिच्या खुर्चीसमोर. बेडरूममध्ये नाही, दार लावून नाही. ती माळ ओढत बघते, मधूनच विचारते, "आता कुणाला मारूलालास रे?" आणि मी सांगतो. दोन्हीकडचे पाव्हणे तर पत्त्यांवर पैसे लावायचे अॅप आणि माझी गेम एकाच माळेत ओवतात, २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला तेव्हा मला चार फोन आले, आता तुझं कसं रे म्हणून.

बायकोला गेममध्ये ओढायचा प्रयत्न केला का, हे पण विचारतात. केला. इट टेक्स टू म्हणून आहे, एकट्याला खेळताच येत नाही, दोघंच पाहिजेत, स्क्रीनचे दोन भाग होतात. घटस्फोट घ्यायला निघालेले नवरा-बायको बाहुले होतात आणि एकमेकांच्या मदतीशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही. २०२१ चं गेम ऑफ द इयर. मस्त चाललं होतं, ती माझ्यापेक्षा चांगली उडी मारायची. मग तो हत्ती आला. ज्यांनी खेळलीय त्यांना कळलं असेल. आपल्या पोरीला रडवायचं म्हणून ते आईबाप तिचा लाडका खेळण्यातला हत्ती मोडून टाकतात, आणि ते बटण दाबून आपणच करायचं असतं. हिने कंट्रोलर ठेवला. "असले आईबाप असत्यात काय? मी हे करणार नाही." आणि नाहीच केलं. पुढची गेम मी आणि थोरलीने संपवली, ती सातवीत आहे, तिला हत्तीचं काही वाटलं नाही, त्याची मला जरा काळजी वाटते.

पिक्चरचा हिशोब एकदम उलटा. घरी पिक्चर बघणं मी जवळजवळ बंद केलंय. पॉज होतो म्हणूनच. अडीच तासांचा पिक्चर तीन रात्रींत तुकडे करून बघितला की कॉमेडी असेल तर जगते, सस्पेन्स मरतो, आणि संथ पिक्चर असेल तर पहिल्या रात्रीच झोप लागते. पिक्चर थिएटरात, सगळ्यांनी मिळून, मग कुणी हाक मारणारा बाहेर उरतच नाही. अडचण आहे ती मराठीची. बेळगावात मराठी पिक्चरला बऱ्याचदा एखादाच शो, तोही आपण ड्युटीवर असताना, आणि पुढच्या शुक्रवारी काढून पण टाकतात. म्हणून कोल्हापूर. शंभर-एकशेदहा किलोमीटर, हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन टोल, नुसत्या पिक्चरसाठी जातो म्हटलं तर आई दारातच अडवेल, म्हणून जाताना अंबाबाई, येताना रंकाळ्यावर भेळ, मधे पिक्चर. आई पण येते आणि हिरोच्या आईवर टीका करत सगळा बघते.

धाकटा दुसरीत आहे, त्याच्यामुळे सर्टिफिकेट बघावं लागतं. आता यूए सात प्लस, तेरा प्लस, सोळा प्लस असं असतं, तेरा प्लस म्हणजे लहानांना बंदी नव्हे, आईबापांनी ठरवायचं. आम्ही ठरवतो आणि त्यावरून भांडतो. गेमच्या डिस्कवर अठराचा आकडा असला तर तो झोपल्यावरच, त्यात भांडण नाही.

आणि हो, माझा रात्रीचा तास फुकटचा नाही. सकाळी ही मैत्रिणींबरोबर व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला जाते तेव्हा दोन्ही डबे माझ्याकडे, आणि तेव्हा मी तिला फोन करायचा नाही, चपातीचं पीठ सैल झालं तरी नाही. हे कुणी विचारत नाही म्हणून सांगितलं.

डिस्क जुनी घ्या, संपवा, विका, त्यात पैसे फार जात नाहीत. पीएस फाइव्ह कधी घेणार ते मात्र विचारू नका, दिवाळीचा बोनस आला की घरात मतदान आहे, आणि आईने आत्ताच वॉशिंग मशीनचा प्रचार सुरू केलाय.