तुम्ही विचारलंत म्हणून: इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता आराम ना?

"आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या. धूर नाही, ऑइल नाही. तुमचं काम हलकं झालं असेल ना?" लग्नात, दवाखान्यात, पोरीच्या शाळेत, कुठेही एसटी डेपोत मेकॅनिक आहे म्हटलं की हे येतंच. आजवर 'हो, थोडंफार' म्हणून वेळ मारून नेली. आज नीट सांगतो.

त्या गाड्यांना मी हात लावत नाही. लावायचाच नाही. गाडी कंत्राटदार कंपनीची, ड्रायव्हर तिचा, दुरुस्तीची पोरंही तिचीच. कंडक्टर तेवढा एसटीचा, आणि एसटी किलोमीटरमागे भाडं मोजते. अशा ५१५० गाड्या घ्यायचा करार झाला. आमच्याकडे चार्जिंगच्या जागेला जाळी आहे. जाळीच्या अलीकडे आम्ही, जुन्या डिझेल गाड्यांच्या क्लच प्लेट बदलत.

म्हणजे तुमचा विरोध का? नाही हो. बावीस वर्षं पहाटेच्या गाड्यांचा धूर छातीत घेतलाय, विरोध कशाला करू? १ जून २०२२ ला एसटीची पहिली इलेक्ट्रिक गाडी, पुणे-नगर 'शिवाई' सुटली. १९४८ साली पहिली एसटी धावली तीच तारीख, तोच मार्ग. त्या दिवशी मी तिचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवत फिरत होतो. एसटीचा लांबलेला संप मिटून जेमतेम सव्वा महिना झालेला, घरात उधारी, तरी म्हणालो, शिकू, या गाड्याही आपणच दुरुस्त करू. एक जण म्हणाला, "गाडी आपली असली तर ना." मी त्याच्यावर चिडलो होतो.

मागची दिवाळी. भाऊबीजेची आदली संध्याकाळ, फलाटावर पाय ठेवायला जागा नाही, आणि भरलेली इलेक्ट्रिक गाडी हवा धरेना. ही चाकातली नाही, ब्रेकची हवा; ती भरल्याशिवाय ब्रेक सुटत नाही, गाडी जागची हलत नाही. यात बॅटरीचा काही संबंध नाही, आमच्या लालपरीलाही हेच होतं. मी दहा फुटांवर होतो. मागच्या डाव्या चाकाच्या आतून फुस्स आवाज येत होता. पाइपाचा सांधा ढिला. दोन मिनिटांचं काम.

कंपनीचा पोरगा एकटाच ड्युटीवर. बावीस-तेवीसचा, आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. वायरिंग त्याला माझ्यापेक्षा दहापट येत होतं, हवेची लाइन कुणी दाखवलीच नव्हती. फोनवरचा साहेब सांगत होता, हात लावू नको, टीम निघालीय. एसटीचा गणवेश माझ्या अंगावर, त्यामुळे शिव्या मला. एक बाई खांद्यावर झोपलेलं लेकरू घेऊन खाली उतरली. म्हणाली, "दादा, बघा ना हो जरा." मी म्हणालो, "आमची गाडी नाही ती." बावीस वर्षांत हे वाक्य मी कधी बोललो नव्हतो.

पाऊण तासाने पोरगा जवळ आला. "काका, सांगा ना." मी बोट दाखवलं, टॉर्च धरला, खिशातला पाना त्याच्या हातात दिला. सांधा त्याने आवळला. काटा चढला, गाडी सुटली.

आठवड्याने तो दिसेना. कंडक्टरकडून कळलं, न विचारता गाडीला हात लावला म्हणून त्याला कामावरून काढलं.

पाना मी का नाही लावला? बायकोला सांगितलं, नियमच तसा आहे. खरं म्हणजे मला मेमोची भीती वाटली. फार तर एक वेतनवाढ थांबली असती. मी कायम आहे. तो नव्हता, आणि पाना देताना मला ते माहीत होतं.

कंपनीचं सगळंच चूक, असंही म्हणवत नाही. त्या गाडीत शेकडो व्होल्ट असतात, अर्धवट माहितीने हात घातला तर माणूस जागेवर जाईल. पण हवेच्या पाइपात कुठला व्होल्ट? आणि व्होल्टचं काम शिकता येतं की. डिझेल पंप तरी आम्ही आईच्या पोटातून शिकून आलो होतो का? असं तावातावाने बोलतो खरा. मग वाटतं, अजून अकरा वर्षं नोकरी आहे, जाळीच्या अलीकडे राहून गुपचूप काढावीत. दोन्ही वाटतं, एकाच दिवशी.

आता नवीन पोरगा आलाय. चहाला आमच्यात बसतो. परवा म्हणाला, "काका, हवेची लाइन शिकवाल का?" मी म्हणालो, बघू.