शब्दच नाहीत, मग गोष्ट कशी कळते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ऐरोलीला आमच्या घरी येणाऱ्या बहुतेकांना मी कधी ना कधी कॅमल या इंग्लिश बँडचा 1975 चा ‘द स्नो गूज’ ऐकवलाय, आणि पहिल्या दहा मिनिटांत प्रश्न येतोच: “अख्खा अल्बम म्हणजे एक गोष्ट म्हणतोस, पण यात कुणी गातच नाही. मग गोष्ट कळते कशी?”

गोष्ट पॉल गॅलिको या अमेरिकन लेखकाची. इंग्लंडमधल्या एसेक्सच्या किनाऱ्यावर, दलदलीतल्या ओसाड दीपगृहात रेयडर नावाचा अपंग चित्रकार एकटा राहतो. फ्रिथा ही गावातली पोर त्याच्याकडे एक जखमी पांढरा हंस घेऊन येते. कॅनडाकडचा पक्षी, वादळात भरकटलेला. तो बरा होतो, उडून जातो, परत येतो. 1940 साली, दुसऱ्या महायुद्धात, रेयडर आपली छोटी होडी घेऊन फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला अडकलेल्या सैनिकांना सोडवायला जातो, तो परत येत नाही.

कॅमलच्या आधीच्या ‘मिराज’ या अल्बममध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनच्या कथेवरचं त्यांचं लांबलचक गाणं लोकांना आवडलं होतं, म्हणून या वेळी पूर्ण पुस्तक घ्यायचं ठरलं. त्यातल्या मजकुरावरून गाणी लिहायचा बेत होता. गॅलिकोची हरकत आली. गाणी गेली, आणि नावामागे ‘म्युझिक इन्स्पायर्ड बाय’ हे शब्दही जोडावे लागले. उरली फक्त वाद्यं, आणि एकदोन ठिकाणी शब्दांशिवायचा गळा. अँड्र्यू लॅटिमरची गिटार आणि बासरी, पीटर बार्डेन्सचे कीबोर्ड, डग फर्ग्युसनचा बेस, अँडी वॉर्डचे ड्रम, सोबतीला ऑर्केस्ट्रा.

मला याचं उत्तर आईमुळे सापडलं. तिला इंग्रजी येत नाही. एका दुपारी ती पोळ्या लाटत होती आणि मी हा अल्बम लावला होता. सुरुवातीला पक्ष्यांचे आवाज आले, तशी म्हणाली, “खाडीवरचं वाटतंय.” मग बासरीवर रेयडरची चाल आली. ती काही बोलली नाही. अल्बमच्या मध्यावर, हंस उडून गेल्यावर, तीच चाल पुन्हा येते, पण संथ, रिकाम्या खोलीत ऐकू यावी तशी. आईचं लाटणं थांबलं. “हा मघाचाच ना रे? एकटा पडलाय आता.”

त्या तुकड्याचं नावच ‘रेयडर अलोन’ आहे. मी तिला काहीही सांगितलेलं नव्हतं.

तर कळते ती अशी. इथे माणसाला चेहऱ्याऐवजी चाल दिलेली आहे. ती एकदा ओळखीची झाली की तिची लय उतरली, वाद्य बदललं, तरी त्या माणसाचं काय झालं ते समजतं. लग्नात सनई सकाळीही वाजते आणि पाठवणीलाही. मांडवातल्या बाईला फरक सांगावा लागत नाही. ‘डंकर्क’ पाच मिनिटं कूच केल्यासारखा चढत जातो. तेव्हा आईने विचारलं, “एवढे सगळे कुठे निघालेत?” नंतर ‘फ्रिथा अलोन’चा पियानो लागला, तेव्हा तिने काहीच विचारलं नाही.

गॅलिकोने परवानगी दिली असती तर हा अल्बम इंग्रजीत असता, आणि आई पोळ्या लाटत राहिली असती. म्हणून त्या नकाराचे मी मनापासून आभार मानतो. ‘गूज’ हे नाव ऐकून ती म्हणाली होती, “गूज म्हणजे मनातलं बोलणं.” तिकडे त्याचा अर्थ पक्षी, हे मी तिला बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

अल्बम सुरू होतो त्याच दलदलीत संपतो. पुस्तकात हंस एकदा परत येतो, घिरट्या घालतो आणि कायमचा निघून जातो. आमच्या खाडीतले रोहित पक्षी पावसाळ्याच्या तोंडाशी दिसेनासे होतात, तेव्हा आई गच्चीवरून खाली येते आणि म्हणते, “ते पक्ष्याचं लाव जरा.”