आधी बग रिपोर्टचं पान, इन्स्टॉलेशन मागाहून

आमच्या प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन नव्याने लिहायचं ठरलंय आणि आराखडा माझ्या गळ्यात पडलाय. जुने विंडोज प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायला सोपं जावं म्हणून वाइनभोवती (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आम्ही काही साधनं लिहितो, तोच हा प्रकल्प. चर्चेत जो तो म्हणतो, "इन्स्टॉलेशन गाइडपासून सुरुवात करू." मला नाही पटत. इन्स्टॉल करणं डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांच्या, पॅकेजवाल्यांनी केव्हाच सोपं करून ठेवलंय. माणूस आमचं दार ठोठावतो तो प्रोग्रॅम उघडत नाही म्हणून. कंपॅटिबिलिटीचं काम कधी पुरं होतही नाही. १९९३ साली सुरू झालेल्या वाइनची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं, आणि आजही त्यात भर पडतेच आहे. तेव्हा पहिलं पान बग रिपोर्टचं, म्हणजे बिघाड कसा कळवायचा याचं.

या पानाचं अर्धं काम म्हणजे लॉग, म्हणजे प्रोग्रॅम चालताना उमटणाऱ्या नोंदी, वाचायला शिकवणं. टर्मिनलमधून प्रोग्रॅम सुरू केला की 'फिक्समी'च्या ओळी धबाधब येऊ लागतात. नवखा माणूस घाबरतो, त्यातली एखादी उचलतो आणि बग टाकतो. खरं तर ती डेव्हलपरने करून ठेवलेली खूण असते: विंडोजचं अमुक फंक्शन अजून अर्धवट आहे, एवढंच. उत्तम चालणारे प्रोग्रॅमही अशा ओळी ओकत असतात. आधी 'एरर'च्या ओळी शोधायच्या, आणि त्यातही पहिल्यापासून. पुढच्या बऱ्याचदा तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. अमुक डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी सामायिक कोडची फाइल) सापडली नाही, असं तिथे सरळ लिहिलेलं सापडतं. लॉगची पूर्ण फाइल जोडावी. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो नको, हेही लिहावं लागणार.

दुसरं पान प्रिफिक्सचं. "प्रिफिक्स उडवून बघ" हा आमच्या चॅटवरचा रामबाण उपाय. प्रिफिक्स हा एक साधा फोल्डर. आत खोटा सी ड्राइव्ह आणि रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या, टेक्स्ट फाइली. उडवला की पाटी कोरी. पण त्याबरोबर काय जातं, हे कोणी सांगत नाही. वाइन 'डॉक्युमेंट्स' फोल्डर सहसा तुमच्या होम फोल्डरला जोडून ठेवतं, म्हणून तिथल्या फाइली शाबूत राहतात. जुने प्रोग्रॅम मात्र डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये, सी ड्राइव्हवर ठेवतात. तो गेला की गेला. त्यामुळे 'आधी फोल्डरची कॉपी करा' ही ओळ कमांडच्या वर येईल, खाली नाही. खाली लिहिलेलं कमांड चालवून झाल्यावरच वाचलं जातं.

कोणता प्रोग्रॅम चालतो याची यादी मॅन्युअलमध्ये नको, यावर मी अडून बसलोय. वाइनची डेव्हलपमेंट आवृत्ती साधारण दर दोन आठवड्यांनी येते. छापील यादी तिच्यामागे किती धावणार? ते काम डेटाबेसचं. वाइनच्या अॅपडीबीत प्लॅटिनमपासून गार्बेजपर्यंत दर्जे आहेत, आणि प्रत्येक नोंदीसोबत आवृत्ती असते. आवृत्तीशिवाय "माझ्याकडे चालतंय" याला काही अर्थ नाही.

कोड लिहिणाऱ्यांच्या विभागात बिल्डच्याही (कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याच्या) आधी एक छोटं पान येईल: मायक्रोसॉफ्टचा फुटलेला सोर्स कोड पाहिला असेल तर आमच्यासाठी कोड लिहू नका, आणि त्यांच्या डीएलएल डिसअसेंबल करून, म्हणजे उलट उकलून आतला कोड पाहून, तर मुळीच नको. २००६ साली कोड असाच मिळवल्याच्या शंकेवरून रिअॅक्टओएस या, विंडोजचे प्रोग्रॅम चालवू पाहणाऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाला आपल्या कोडचं ऑडिट हाती घ्यावं लागलं होतं. हे पान चाळीस पानांनंतर पुरून ठेवण्यात काय हशील?

कोड न लिहिणाऱ्यांसाठी बायसेक्टचं, म्हणजे निम्मे-निम्मे बदल वगळत बिघाड शोधण्याचं, पान आहे, आणि ते माझं लाडकं आहे. काल चालणारा प्रोग्रॅम आज बिघडला आणि मधे हजार कमिट (कोडमधले नोंदलेले बदल) असले, तरी दर वेळी अर्धे वगळत गेलं की दहाएक बिल्डमध्ये दोषी कमिट हाती लागतो. "चाललं" किंवा "नाही चाललं" एवढंच सांगायचं असतं. असा एक रिपोर्ट आला की डेव्हलपरचा आठवडा वाचतो.

हे सगळं ठेवायचं कुठे, यावर अजून एकमत नाही. काहींना विकी हवी, पटकन बदलता येते म्हणून. मला मजकूर कोडच्याच रिपॉझिटरीत (कोड जिथे साठवला जातो तिथे) हवा: प्रोग्रॅमची वागणूक बदलणाऱ्या मर्ज रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल सामील करून घेण्याच्या विनंतीत, पानाचाही बदल नसेल तर ती अडवता येते. तूर्त तडजोड अशी की बग रिपोर्ट आणि प्रिफिक्सची पानं रिपॉझिटरीत, बाकीचं विकीवर. विकीवाले अजून कुरकुरतायत.