"नो रेस्पिरा"

सीटी स्कॅनला पेशंट आडवा झाला की मशीनमधून आवाज येतो: श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. पुण्यातल्या एका कंपनीच्या मशीनमधल्या अशाच स्पॅनिश सूचना तपासायला माझ्याकडे आल्या होत्या. माल जाणार होता कोलंबिया, अर्जेंटिना आणि स्पेनला. व्हिडिओ कॉलवर कोलंबियाची राजधानी बोगोता इथल्या एक अनुभवी रेडिओग्राफर बाई होत्या. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ.

पहिली फाइल वाजली, "तोमा आइरे". श्वास घे. ठीक. मग "नो रेस्पिरा". बाईंनी चष्मा काढला. "कोण श्वास घेत नाहीये?"

प्रश्न रास्त होता. "रेस्पिरा" म्हणजे 'श्वास घे', पण तेच रूप 'तो श्वास घेतो' यालाही चालतं. नुसतं "नो" लावलं की आज्ञा जाते आणि बातमी उरते: याचा श्वास बंद आहे! आधीच घाबरलेल्या पेशंटला हे ऐकवायचं? नकारात क्रियापद बदलतं, "नो रेस्पिरेस". स्टुडिओचा खर्च वाचवायला कंपनीच्या इंजिनिअरने "नो" आणि "रेस्पिरा" या दोन फाइली जोडल्या होत्या. मराठीतही 'घे'चं 'घेऊ नको' होतं, हे त्याच्या डोक्यात आलं नसावं.

मग निघाला मानापमानाचा विषय. स्पॅनिशमधलं 'तू' उच्चाराला थेट आपलंच, त्यामुळे सेल्सवाल्यांना ते फार आवडलेलं. स्पेनमध्ये ते सर्रास चालतंही. पण अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'वोस', आणि आज्ञा "रेस्पिरा"च, फक्त जोर शेवटच्या अक्षरावर. बोगोतात तर सख्खे भाऊ, मित्रसुद्धा एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात, म्हणजे आपलं अहो-जाहो. "सत्तरीच्या आजीला मशीन अरे-तुरे करणार?" बाईंनी विचारलं. 'उस्तेद'ची आज्ञा तिन्ही देशांत एकच, "रेस्पिरे". माझं मत पहिल्यापासून तेच होतं.

"आणि याचा नकार, मॅडम?" इंजिनिअर.

"नो रेस्पिरे."

"म्हणजे क्रियापद तेच? मग एकच फाइल पुरेल की!"

गडी खुर्चीतून उठलाच. नियम त्याने अचूक पकडला होता. 'उस्तेद'मध्ये होकार-नकाराला रूप एकच, 'तू'सारखी भानगड नाही. मी त्याला पुढची ओळ दाखवली: हलू नका. 'हला' म्हणजे "म्वेवासे", पण नकारात शेपटीचं "से" सुटून पुढे येऊन बसतं, "नो से म्वेवा". फाइली कशाही जोडा, हे जमत नाही. त्याने निमूटपणे स्टुडिओला फोन लावला.

तेवढ्यात सेल्सवाल्यांची सूचना आली, प्रत्येक आज्ञेला "पोर फावोर" जोडूया, कृपया म्हटलेलं बरं दिसतं. बाईंनी एका वाक्यात उडवून लावली, "उस्तेद म्हटलं ना, झालं. माणूस तिकडे श्वास रोखून पडलाय, लवकर आटपा."