माझा अनुभव: स्कीच्या बुटांसाठी तीनदा रांगेत

बर्फातून परत आल्यावर सगळे विचारतात, किती वेळा पडलीस, थंडी सोसली का. माझ्या मनातून मात्र तो भाड्याने सामान देणारा काउंटर अजून जात नाही. पाच दिवसांच्या सुट्टीतला पहिला दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ तिथे गेली. प्रवास, खोली, शिकवणीची नोंदणी सगळं वेळेवर झालं, त्यामुळे ते सोडून देते.

काउंटरवर आधी फॉर्म भरून घेतात. वय, उंची, वजन आणि तुम्ही स्कीअर कोणत्या प्रकारचे, १, २ की ३. मला वाटलं, नोंदीसाठी असेल. तसं नाही. स्की म्हणजे पायाखालची लांब पट्टी, आणि बूट तिच्यावर ज्यात अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. पडताना पायाला पीळ बसला की त्याने बूट सोडलाच पाहिजे, नाहीतर नडगी किंवा गुडघा जायबंदी होतो. किती जोर आल्यावर सोडायचं तो आकडा या फॉर्मवरून ठरतो. १ म्हणजे जपून, सावकाश जाणारे. वय ५० किंवा जास्त असेल तर आकडा आणखी खाली आणतात. मी ५२ वर्षांची. लेक म्हणाली, "आई, २ लिही ना, आपण शिकणारच आहोत." मी १ च लिहिलं आणि त्याचं मला समाधान आहे. वजनही खरं लिहा, आणि रकाना किलोचा आहे की पौंडाचा ते आधी बघा.

मग बूट. खरी अडचण इथेच आली. माणसाने माझा पाय मोजलाच नाही. रोजच्या चपलेचा नंबर विचारला, आतून एक जोड आणला आणि म्हणाला, "दुखत नाही ना? मग बरोबर आहे." स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. माझा पाय २४ सेंटिमीटर, हातात आला २५.५ चा बूट. सैल होता म्हणून तर दुखत नव्हता!

उतारावर गेल्यावर कळलं. मी पाय वळवायची, पाय बुटाच्या आत वळायचा आणि स्की सरळ जायची. टाच उचलली जायची, अंगठा पुढे आपटायचा. मी बक्कलं करकचून आवळली, तर पोटरीपासून खाली पाय बधिर झाला. दुपारी शिकवणाऱ्याने बुटाच्या मागे बोट घालून पाहिलं आणि सांगितलं, आधी हे बदलून या.

दुसरी रांग चाळीस मिनिटांची. "नवीन माणसांना सगळेच बूट विचित्र वाटतात," असं ऐकून घेतलं, पण मी हटले नाही. शेवटी २४.५ चा जोड मिळाला. पण बूट बदलला की बाइंडिंगही पुन्हा बसवावं लागतं, ते त्याने केलं नाही आणि मला ठाऊक नव्हतं. टाचेजवळ बाहेरून बुटाच्या तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. आधीच्या बुटावर २९५ होती, नव्यावर २८५. हा एक सेंटिमीटरचा फरक तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अगदी मंद उतारावर, नुसतं वळताना, डावी स्की तीनदा निसटली.

तिसऱ्या रांगेत दुसरा मुलगा होता. त्याने टाचेवरचा आकडा वाचला, बाइंडिंगचा मागचा भाग पुढे सरकवला, मला बूट अडकवायला लावून पुन्हा तपासलं. पाच मिनिटं लागली. या पाच मिनिटांसाठी माझा दीड दिवस गेला, याचा राग अजून आहे.

म्हणून बूट तिथेच नीट बघा. आतलं अस्तर काढून बुटाच्या नुसत्या बाहेरच्या कडक कवचात पाय घाला. बोटं पुढे टेकवली की टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर जागा हवी. मग अस्तरासह घाला, टाच जमिनीवर आपटून मागे बसवा आणि मगच बक्कलं लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत, नडगी पुढे घट्ट टेकावी.

मोज्यांचं आधी सांगायला हवं होतं. गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ मोजा. दोन मोजे नकोत, आणि आतल्या पँटची शिवण बुटात अजिबात जाऊ देऊ नका, तिथे वळ उठतो.

तिसऱ्या दिवसापासून मात्र आनंदच. फळ्यावर आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे दहा नियम होते. त्यातला एक पाठच करून टाका: मागून, वरून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं. आमचे हे स्कीच्या वाटेला गेले नाहीत. साध्या बुटांवर स्नोशू, म्हणजे पाय बर्फात रुतू नये म्हणून लावतात त्या रुंद चौकटी, बांधून झाडीत दोन तास भटकून आले, एकही रांग न लावता. गुडघे कुरकुरत असतील तर ते जास्त बरं. हनुवटीखाली मात्र ते उन्हाने चांगलेच भाजले. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परतवतो, म्हणून क्रीम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा.

शेवटच्या दुपारी हिरव्या खुणांच्या, म्हणजे सगळ्यात सोप्या उतारावरून मी एका दमात खाली आले. लेक मागून ओरडत होती, "आई, वळ, वळ!" आणि मी वळत होते. दोन्ही स्की पायात होत्या.