मायामीच्या धक्क्यापासून केबिनच्या दारापर्यंत

मायामीचं बंदर शहरासमोरच्या डॉज आयलंड नावाच्या बेटावर आहे. डाउनटाउनच्या बाजूने पूल आहे आणि २०१४पासून जहाजांच्या वाटेखालून जाणारा बोगदाही आहे. शनिवारी सकाळी पुलावरून आलं की रॉयल कॅरिबियन कंपनीचं 'आयकॉन ऑफ द सीज' हे क्रूझ जहाज लांबूनच दिसायला लागतं. वीस डेक, एका केबिनमध्ये दोघं धरले तरी ५,६१० प्रवासी आणि सगळे पलंग भरले तर ७,६००पर्यंत. जानेवारी २०२४मध्ये याची पहिली सफर इथूनच निघाली. शेजारी रॉयल कॅरिबियनचं टर्मिनल ए, २०१८चं, काचेच्या भिंतींचं.

एवढ्या माणसांना एका दुपारी जहाजावर चढवायचं म्हणजे काय, हे समजायला त्याच सकाळी उतरणाऱ्यांकडे बघायला हवं. आधीच्या आठवड्याचे प्रवासी सातच्या आसपास उतरायला लागतात. त्यातला शेवटचा माणूस बाहेर पडून जहाजावरच्या प्रवाशांची संख्या शून्य झाल्याशिवाय नवा माणूस आत घेत नाहीत. कोणी एखादा झोपून राहिला, कोणाची कागदपत्रं इमिग्रेशनमध्ये अडकली, की खाली रांगेत उभ्या असलेल्या हजारोंना अर्धा-पाऊण तास जास्त थांबावं लागतं. टर्मिनलचे कर्मचारी तेव्हा मुद्दाम अडवत नसतात. वरचा आकडा शून्यावर यायची तेही वाट बघत असतात.

माझ्या मते क्रूझवर चढण्याचं निम्म्याहून जास्त काम घरी, मोबाइलवर होतं. निघायच्या साधारण ४५ दिवस आधी कंपनीच्या अ‍ॅपवर चेक-इन उघडतं. पासपोर्टचं पान स्कॅन करायचं, स्वतःचा फोटो काढायचा, क्रेडिट कार्ड जोडायचं आणि बंदरावर पोहोचायची वेळ निवडायची. सकाळच्या वेळा लवकर भरतात, म्हणून चेक-इन उघडल्या उघडल्या बसावं. सगळं झालं की 'सेटसेल पास', म्हणजे जहाजावर चढायचा पास, तयार होतो. त्याचा बारकोड फोनमध्ये जतन करावा, शिवाय कागदावर छापूनही घ्यावा. बंदरावर सगळे एकाच वेळी फोन काढतात आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क मंदावतं.

फोटो मनापासून काढावा. गॉगल नको, टोपी नको, मागे साधी भिंत. पुढचा आठवडाभर तुम्ही प्रत्येक वेळी जहाजात शिराल किंवा उतराल तेव्हा जहाजावर मिळणारं तुमचं कार्ड टेकवताच हाच फोटो पहारेकऱ्याच्या पडद्यावर येतो आणि तो तुमच्या चेहऱ्याशी ताडून बघतो. लग्नातला कापलेला फोटो चढवला तर धक्क्यावर पुन्हा फोटो काढायला उभं करतात.

आपल्याकडच्या पासपोर्टमध्ये एक खास अडचण असते. 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावासोबत बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं. अमेरिकेतला मुलगा आईबाबांचं बुकिंग करताना सवयीने फक्त पहिलं नाव आणि आडनाव टाकतो. प्रवासी यादी मात्र जहाज सुटण्याच्या किमान ६० मिनिटं आधी अमेरिकेच्या सीमा-सुरक्षा खात्याला पाठवावी लागते आणि त्यात नाव पासपोर्टबरहुकूम लागतं. चेक-इनची खिडकी जहाज सुटण्याच्या बरीच आधी बंद होते, त्याचं कारणही ही यादीच. जहाज डोळ्यांसमोर उभं असतं, पण तुमचं नाव यादीत गेलेलं नसेल तर कोणीही आत सोडू शकत नाही. म्हणून नावाची दुरुस्ती काही आठवडे आधी एजंटकडून किंवा कंपनीला फोन करून करून घ्यावी. काउंटरवर ती होते, पण वेळ खाते.

व्हिसाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण भारतीय पासपोर्टवाल्यांची गाडी सगळ्यात जास्त इथेच अडते. जहाज मायामीहून निघून मायामीलाच परत येत असलं, तरी मध्ये बहामा किंवा मेक्सिकोला लागलं म्हणजे तुम्ही अमेरिकेबाहेर जाऊन परत येताय. पुण्या-नाशिकहून आलेल्या आईबाबांचा बी१/बी२ (पाहुण्यांचा) व्हिसा त्यासाठी बहुप्रवेशाचा हवा आणि परतीच्या तारखेला चालू हवा. एच-१बीवाल्यांची, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्यांची, चूक वेगळी असते. आय-७९७ हे मंजुरीपत्र हातात असतं, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असतो आणि 'कॅनडाला जाऊन आलो तेव्हा चाललं होतं' असं आठवत असतं. संपलेल्या शिक्क्यावर परत येऊ देणारी ती सवलत एच व्हिसावाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या तीस दिवसांपर्यंतच्या फेरीसाठी आहे. कॅरिबियन बेटं तिच्यात बसतात ती एफ आणि जे व्हिसावाल्या विद्यार्थी-संशोधकांसाठी, तीही क्यूबा सोडून. जहाज बहामाला जाणार असेल आणि एच-१बीचा शिक्का संपलेला असेल, तर क्रूझ बुक करू नये. ग्रीनकार्डवाल्यांनी मूळ कार्ड बरोबर ठेवावं, फोनमधला फोटो चालत नाही. ज्या बंदरांना जहाज लागणार त्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा पाहावा. चालू अमेरिकन व्हिसा असला तर मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही, पण हे सगळीकडे लागू नाही.

याच कारणाने अमेरिकन पासपोर्टवाले चेहरा दाखवून दोन मिनिटांत पुढे सरकतात, तेव्हा आपल्याला बहुतेक वेळा बाजूच्या टेबलाकडे पाठवतात. तिथे मूळ पासपोर्ट, व्हिसाचं पान, ग्रीनकार्ड डोळ्यांनी तपासतात. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट एका पाकिटात, व्हिसाच्या पानाला खूण घालून एकाच माणसाकडे द्यावेत, म्हणजे काम पटकन उरकतं.

गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा मोठ्या बॅगा हमालांकडे द्यायच्या. एका बॅगेमागे एक-दोन डॉलर टीप देण्याची रीत आहे. बॅगेला अ‍ॅपवरून छापलेला टॅग लागतो. त्यावर नाव, जहाज आणि केबिनचा नंबर असतो. साधा कागद पट्ट्यावर घासून फाटतो, म्हणून प्लॅस्टिकच्या टॅग-होल्डरमध्ये घालावा किंवा पारदर्शक चिकटपट्टीने पूर्ण गुंडाळावा. बॅगेच्या आतही वरच केबिन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. टॅग तुटला की बॅग उघडल्यावर तीच उपयोगी पडते. या बॅगा संध्याकाळपर्यंत दाराशी येतात, त्यामुळे औषधं, पोहण्याचे कपडे, चार्जर आणि मुख्य म्हणजे पासपोर्ट हातातल्या पिशवीत हवेत. पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून ती हमालाच्या गाडीवर चढवली, की ती शोधून काढण्यात दुपार जाते.

बॅगा जहाजावर चढण्यापूर्वी एक्स-रेमधून जातात. आपल्या लोकांच्या बॅगा तीन गोष्टींसाठी बाजूला निघतात: चहाची विजेवरची किटली, इस्त्री आणि उदबत्त्या. तापणारी कुठलीही वस्तू आणि ज्योत किंवा निखारा असलेली कुठलीही वस्तू बंद, कारण समुद्रावर आगीइतकं भय दुसऱ्या कशाचं नाही. जास्त प्लगची एक्स्टेन्शन पट्टीही चालत नाही. घरी केलेल्या पोळ्या, धपाटे, लाडू नकोत. दुकानातलं न फोडलेलं पाकीटबंद फराळाचं चालतं. २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला चढण्याच्या दिवशी ७५० मिलीची सीलबंद वाइनची एक बाटली हातातल्या सामानातून नेता येते, त्यापलीकडची दारू काढून घेतात. रात्री आठपर्यंत बॅग आली नाही तर टॅग तुटला असेल असं समजण्याआधी सुरक्षा विभागाकडे विचारावं. बहुतेक वेळा बॅग तिथे तुम्ही येऊन ती उघडण्याची वाट बघत असते.

टर्मिनलमध्ये हातातल्या सामानाची तपासणी, मग सरकत्या जिन्याने वर, कागदपत्रं, बारकोडची नोंद आणि काचेच्या पुलावरून जहाजाच्या पाचव्या डेकवर. समोर रॉयल प्रोमनाड हा जहाजातला मुख्य रस्ता आणि त्यात 'पर्ल' हा भलामोठा गोल. आत शिरताना पुन्हा एक 'टिंग' होतो. तुम्ही जहाजावर आहात, याची पक्की नोंद होते ती या क्षणी.

आता पोटपूजेआधी एक काम करावं. अ‍ॅपवर सुरक्षेचा छोटा व्हिडिओ बघून, संकटाचा भोंगा ऐकून (सात छोटे आवाज आणि मग एक लांब) आपल्या मस्टर स्टेशनला (संकटात जमायच्या ठरलेल्या जागी) जाऊन यावं. तिथले कर्मचारी नोंद करतात आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. सगळं मिळून फार वेळ लागत नाही. जानेवारी २०१२मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही क्रूझ खडकावर आदळली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही सुरक्षेची कवायत झालेलीच नव्हती. त्या वेळच्या नियमानुसार ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. २०१५पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि कवायत निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी होणं सक्तीचं झालं. ज्यांनी हे टाळलं त्यांची नावं संध्याकाळी ध्वनिक्षेपकावरून पुकारतात. आईबाबांचा गुडघा दुखत असेल तर जेवून सुस्तावण्यापूर्वीच त्यांना तिकडे घेऊन जावं.

केबिन दुपारी एकच्या सुमाराला उघडतात. त्याआधी केबिनच्या मजल्यांवर साफसफाई चालू असते, तिकडे जाऊ देत नाहीत. कार्ड घ्यायला रांग नाही आणि काउंटरही नाही. तुमच्या दाराबाहेर, नंबरच्या पाटीजवळ, बंद पाकीट ठेवलेलं असतं. आत माणशी एक सीपास कार्ड. पाकीट फोडून आधी नावं वाचावीत आणि कार्डं ज्याची त्याला द्यावीत. कार्डावर नाव, जहाजाचं नाव, निघण्याची तारीख आणि कोपऱ्यात मस्टर स्टेशनचा कोड असतो. केबिनचा नंबर नसतो, आणि ते योग्यच आहे: पोहण्याच्या तलावाजवळ पडलेलं कार्ड उचलून कोणी थेट तुमच्या खोलीत जाऊ नये. नंबर पाठ करावा. पहिले एक-दोन आकडे डेकचे असतात, त्यामुळे लिफ्टमधलं बटण तरी चुकत नाही.

हे कार्ड दार उघडतं, कॉफीचे पैसे खात्यावर मांडतं आणि बंदरावर उतरताना-चढताना तुमची हजेरी लावतं. माणसं गोंधळतात ती पहिल्या उपयोगात अडकून. नवरा-बायको एकाच कार्डाने दार उघडतात, दुसरं खोलीतच राहतं, आणि बेटावर उतरताना दुसऱ्याला परत वर जावं लागतं. कारण दरवाज्याशी प्रत्येकाची नोंद त्याच्याच कार्डाने होते. बेटावर उतरताना कार्डासोबत फोटो असलेलं एक ओळखपत्रही जवळ ठेवावं.

आपल्या कुटुंबांत आणखी एक प्रसंग हमखास येतो. दोन शेजारच्या केबिन घेतलेल्या असतात आणि बुकिंगमध्ये प्रत्येक केबिनमध्ये एक मोठा माणूस हवा म्हणून आई एका मुलासोबत इकडे, बाबा दुसऱ्या मुलासोबत तिकडे दाखवलेले असतात. झोपायची व्यवस्था वेगळीच ठरलेली असते. कार्ड मात्र कागदावरच्या केबिनचंच दार उघडतं. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर ओळखपत्र दाखवून शेजारच्या केबिनचं जादा कार्ड मागावं, ते देतात. पहिल्या संध्याकाळी तिथली रांग लांबच लांब असते. रात्री उशिरा किंवा दुसऱ्या सकाळी लवकर गेलं तर पाच मिनिटांत काम होतं. मुलांच्या कार्डावर खर्च बंद करायचा किंवा मर्यादा घालायची असेल तर तेही तिथेच सांगावं. नाहीतर गेमच्या यंत्रांवर मुलं किती वेळा कार्ड टेकवतात ते शेवटच्या रात्री बिलात दिसतं. खर्च ज्या कार्डावर जाणार ते शक्यतो क्रेडिट कार्डच असावं. डेबिट कार्डावर रक्कम आधीच अडकवून ठेवतात आणि ती सुटायला बंदरावरून घरी पोहोचल्यानंतरही काही दिवस जातात.

लहान मुलांना मस्टर स्टेशनचा नंबर असलेला मनगटी पट्टा देतात. तो आठवडाभर हातात राहू द्यावा. भोंगा वाजला आणि मूल खेळघरात असलं, तर कर्मचारी त्या नंबरावरून त्याला थेट तुमच्या स्टेशनवर आणतात.

आयकॉनवर कार्ड कुलुपाला नुसतं टेकवायचं असतं. जुन्या जहाजांवर मात्र चुंबकी पट्टीची कार्डं अजून भेटतात आणि त्या पट्टीतली नोंद फोनच्या कव्हरमधल्या चुंबकाने सहज पुसली जाते. दार एकाएकी लाल दिवा दाखवायला लागलं तर दहा वेळा घासत बसू नये, नवं कार्ड घ्यावं, ते फुकट मिळतं. गळ्यात अडकवायची दोरी आणि प्लॅस्टिकचं पाकीट घरूनच न्यावं. कार्ड हरवलं तर मात्र शोधत बसण्याआधी गेस्ट सर्व्हिसेसला सांगून ते बंद करून घ्यावं, कारण त्यावरून खरेदी करायला पिन लागत नाही.