लावणी उरकल्यावर घेते

ड्राइव्हवरची जागा संपली म्हणून गेल्या रविवारी जुन्या फायली उडवत बसले होते. त्यात जुलै २०२१ चा एक गुगल फॉर्म सापडला. ‘कोविड लसीकरण : विद्यार्थ्यांची माहिती व मानसिकता’. ‘मानसिकता’ हा शब्द मीच घातलेला. आता वाचून कसंसंच झालं.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तेव्हा एनएसएसही (राष्ट्रीय सेवा योजना) माझ्याकडे होतं. फॉर्मात माहितीचे दहा प्रश्न होते. कोव्हिशिल्डमध्ये जिवंत कोरोना विषाणू असतो का, दोन डोसांत किती अंतर, असले. पोरांनी पेपर सोडवावा तसे सोडवले. ८४ दिवस, चिंपांझीचा अ‍ॅडिनोव्हायरस, स्पाइक प्रथिन, सगळं बरोबर. (दुसऱ्या टॅबमध्ये गुगल उघडं असणार, हे कळत होतंच.) ‘लस घेणार का?’ याला बहुतेकांचं ‘होय’. मी खूश होऊन प्राचार्यांना अहवाल दिला.

शेवटी ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ असा रिकामा रकाना होता. खरं सांगते, तो मी तेव्हा नीट वाचलाच नाही.

‘पुण्याच्या गाड्या येऊन घेऊन गेल्या.’ हे एकाने लिहिलंय आणि त्यात खोटं काही नाही. मे महिन्यात १८ ते ४४ वाल्यांना सरकारच्या कोविन पोर्टलवर नोंदणी केल्याशिवाय लस नव्हती. स्लॉट उघडला की मिनिटाभरात गायब, पुण्यातल्यांच्या नावावर. जो पोरगा रेंज मिळावी म्हणून डोंगरावर चढून माझं लेक्चर ऐकायचा, त्याने ओटीपी कधी टाकायचा? १२ मेला तर राज्याने या गटाचं लसीकरणच थांबवलं, डोस पुरेनात म्हणून.

‘आधी आईचं होऊ दे.’ ‘लावणी उरकल्यावर घेते.’ ही दुसरी पश्चिम पट्ट्यातली, घरची भातखाचरं असलेली. लस घेतली की दोन दिवस ताप, हे तिला फॉर्मातल्या प्रश्नामुळेच पक्कं ठाऊक होतं. चिखलात वाकायला चार माणसं, त्यातलं एक झोपून राहिलं तर?

२० ऑक्टोबरला कॉलेजं उघडली, दोन्ही डोस झालेल्यांसाठी. २५ पासून ‘मिशन युवा स्वास्थ्य’ म्हणून कॉलेजांतच शिबिरं सुरू झाली. आमच्या हॉलमध्ये टेबलं लागली. ती मुलगी आली आणि म्हणाली, “मॅडम, आता काढणी आलीय.” मी चिडले होते तेव्हा. काय बोलले ते आठवतंय, इथे लिहीत नाही.

मुलींच्या रांगेत वेगळीच कुजबुज. पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घ्यायची नाही, तेव्हा प्रतिकारशक्ती कमी असते, असा मेसेज एप्रिलपासून फिरत होता. सरकारने तेव्हाच खोटा ठरवलेला. मीही ठणकावून सांगितलं, “पाळीशी काही संबंध नाही, बसा.” पुढे जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला : डोसनंतर चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबतं, तेही तात्पुरतं. म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतंच. पण ‘काही संबंध नाही’ हे मी कशाच्या जोरावर म्हटलं होतं? माझी स्वतःचीच पाळी दुसऱ्या डोसनंतर चार दिवस पुढे गेली होती, आणि ते मी स्टाफरूममध्येसुद्धा कुणाला बोलले नव्हते.

पहिल्या वर्षाची काही पोरं सतरा वर्षं दहा महिन्यांची. आधार कार्ड पुढे करून विनवत होती. त्यांना परत पाठवावं लागलं.

टोकन लिहायला एनएसएसचा एक मुलगा बसला होता. फॉर्ममध्ये दहापैकी दहा. दुपारी चारला शेवटचे नऊ जण उरले. एका बाटलीत दहा डोस, आणि फोडली की चार तासांत संपवायची. सिस्टर म्हणाल्या, “दहावा आणा, तरच फोडते.” मी त्याच्याकडे बघितलं. त्याने टोकनवही मिटली, “आलोच मॅडम,” म्हणाला आणि गेटबाहेर गेला. पाच मिनिटांत वडापावच्या गाडीवरच्या दादांना घेऊन आला. हाताला बेसन तसंच. दहा झाले, बाटली फुटली.

“तुझं काय रे?” मी विचारलं.

“सुई बघितली की चक्कर येते, मॅडम. फॉर्मात लिहिलं होतं ना.”

रविवारी बघितलं. बेचाळिसावी ओळ. लिहिलं होतं.